साबळेंच्या सुवर्णाची वेळ ८:१९.५० की ८:२०.९२? शाळेचा फलक रंगवायचाय

क्रीडाशिक्षक_केज
नमस्कार मंडळी. २९ ऑगस्टच्या क्रीडा दिनाआधी शाळेच्या दर्शनी भिंतीवर आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतल्या भारतीय विजेत्यांचा फलक रंगवायचा आहे. जागा आठ बाय चार फूट. बीड जिल्ह्यातली शाळा, त्यामुळं पहिलं नाव आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेंचंच. पण दोन कात्रणं जुळत नाहीत. एकात ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) सुवर्ण ८:१९.५० वेळेत आणि ‘पहिलेच भारतीय’, दुसऱ्यात ८:२०.९२ आणि ‘तिसरे भारतीय’. खरं कोणतं? शेजारी शर्यतीची आकृतीही काढायची आहे, त्यात पाण्याचा खड्डा कुठं दाखवायचा? पेंटर सोमवारी येतोय.

परभणी_ट्रॅक
सर, दोन्ही कात्रणं बरोबर आहेत, स्पर्धा मात्र दोन आहेत. ही गल्लत फार जुनी आहे.

आशियाई क्रीडा स्पर्धा १९५१ साली दिल्लीत सुरू झाली. तिच्यात कुस्तीपासून पोहण्यापर्यंत सगळे खेळ असतात. आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद फक्त मैदानी खेळांची, पहिली १९७३ ला फिलिपिन्समधल्या मारिकिनात झाली. ८:१९.५० ही वेळ हांगझोऊची, २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतली. तिथं स्टीपलचेसचं सुवर्ण घेणारे साबळे पहिले भारतीय पुरुष. ‘पुरुष’ हा शब्द गाळू नका, कारण सुधा सिंगनं २०१० ला ग्वांगझोऊत महिलांचं सुवर्ण आधीच आणलं होतं. ८:२०.९२ ही वेळ दक्षिण कोरियातल्या गुमीची, मे २०२५ मधल्या अजिंक्यपदाची. या स्पर्धेत त्यांच्याआधी १९७५ ला सोलमध्ये हरबेल सिंग आणि १९८९ ला दिल्लीत दीना राम जिंकले होते. म्हणून तिसरे, आणि तेही ३६ वर्षांनी.

तुमचा फलक अजिंक्यपदाचा आहे, तेव्हा हांगझोऊची ओळ त्यावर येतच नाही. दोहा २०१९ चं रौप्य, ८:३०.१९, हे मात्र घ्या. सहा वर्षांत त्याच स्पर्धेत ९.२७ सेकंद कमी झाले, हे पोरांना वजाबाकी करून बघू द्या.

पी. टी. उषांची ओळ लिहितानाही हीच काळजी घ्या. पाच सुवर्ण आणि एक कांस्य ही कमाई १९८५ च्या जकार्ता अजिंक्यपदातली. चार सुवर्ण, एक रौप्य हे १९८६ च्या सोल आशियाई क्रीडा स्पर्धेतलं. अनेक ठिकाणी दोन्ही एकत्र करून लिहिलेलं असतं.

लातूरकर_मॅडम
महिला स्टीपलचेसची ओळ जरूर घाला सर, मुली तेच आधी वाचतात. ललिता बाबर, वुहान २०१५, सुवर्ण, ९:३४.१३. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या, म्हणजे आपल्यासारख्याच दुष्काळी पट्ट्यातल्या. मग सुधा सिंग, भुवनेश्वर २०१७, आणि पारुल चौधरी, बँकॉक २०२३, दोघींनाही सुवर्ण.

एकूण पदकांचा आकडा मात्र रंगवू नका. भुवनेश्वरला शेवटच्या दिवशी भारताची २९ पदकं मोजली गेली: १२ सुवर्ण, ५ रौप्य, १२ कांस्य. पुढं डोपिंगच्या निर्णयांत त्यातली काही गेली. तिथंच महिलांच्या ८०० मीटरमध्ये अर्चना आढाव पहिली आली होती, पण श्रीलंकेच्या आक्षेपानंतर तिला बाद करून सुवर्ण निमाली वालिवर्षाला दिलं गेलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून पदकतक्ता उतरवला की हे असलं राहून जातं. एका खेळाडूची एक ओळ ठेवा: वर्ष, गाव, प्रकार, पदक, वेळ. एखादी ओळ बदलली तर तेवढीच पुसता येते.

परभणी_ट्रॅक
आकृतीबद्दल. पूर्ण शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. सुरुवातीचं अंतर अडथळ्यांविना जातं, धावपटूनं अंतिम रेषा पहिल्यांदा ओलांडली की अडथळे सुरू. मग सात फेऱ्या, दर फेरीत पाच उड्या, आणि पाण्याची उडी त्यातली चौथी. पेंटर बहुतेक वेळा खड्डा अंतिम रेषेजवळ काढतो, कारण तिथं जागा मोकळी दिसते. ते चूक. खड्डा दुसऱ्या वळणापाशी दाखवा, त्याच्या पुढं एक अडथळा आणि मग अंतिम रेषा. अडथळ्याची उंची पुरुषांना ९१.४ सेंमी, महिलांना ७६.२. खड्डा ३.६६ मीटर लांब, अडथळ्याला लागून सर्वांत खोल आणि पुढं चढत ट्रॅकच्या पातळीला मिळणारा. म्हणून जो लांब उडी घेतो त्याचा पाय उथळ पाण्यात पडतो आणि वेग टिकतो. हा उतार बाजूनं कापून दाखवलेल्या छोट्या चित्रात काढा, पोरांना एका नजरेत समजेल.

अडथळा हर्डलसारखा काढू नका. हर्डल धक्का लागला की पडतं. स्टीपलचेसचा अडथळा जड असतो, जागचा हलत नाही, वरचा ओंडका पाच इंच जाड. धावपटू त्यावर पाय देऊनही जातात. मैदानावर सराव घेणार असाल तर साध्या हर्डलवर पाय देऊ देऊ नका, ते उलटून पोरगं तोंडावर पडतं.

क्रीडाशिक्षक_केज
फार मोठं काम झालं, आभार. शेवटचं एकच: याच फलकाखाली शाळेतल्या १५०० मीटरच्या सर्वोत्तम वेळा लिहायच्या आहेत. स्टॉपवॉचवर दोन दशांश दिसतात, तसेच लिहू का?

लातूरकर_मॅडम
नको. हातानं घेतलेली वेळ दशांशापर्यंतच लिहायची आणि पुढच्या दशांशाला न्यायची. घड्याळात ५:१२.३१ दिसलं तर ५:१२.४. शतांश फक्त इलेक्ट्रॉनिक वेळेला. आणि खडबडीत भिंतीवर बारीक टिंब रंगात बुजतं, ८:२०.९२ चं काहीही वाचलं जातं. ‘८ मि. २०.९२ से.’ असं लिहून घ्या, अक्षर दोन इंचांचं, आणि टिंब बोटाच्या टोकाएवढं ठळक. खाली तीन-चार ओळींची जागा कोरी सोडायला पेंटरला आधीच सांगा, नाहीतर तो तिथं वेलबुट्टी काढतो.