'हर-टू पॉझिटिव्ह'ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडकर: स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. मसुद्यात 'हर-टू सकारात्मक' आहे, ते वाचवत नाही. 'सक्रिय' चालेल का? हर-टू हे प्रथिन पेशीला वाढीचे संदेश देतं, म्हणून सुचलं.

ब्लॉकवाली: 'सक्रिय' नको हो. पुण्यातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड्स करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मग मेणात बसवतात. त्या ब्लॉकचे 3-4 मायक्रॉनचे काप काचेवर घ्यायचे. फॉर्मॅलिनने प्रथिनं एकमेकांना जखडलेली असतात, म्हणून काप आधी बफरमध्ये तापवायचे, तेव्हा कुठे हर-टू ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) चिकटायला जागा मिळते. त्यावर दुसरं, विकर (एन्झाइम) जोडलेलं प्रतिपिंड, आणि शेवटी डॅब हे रंग देणारं रसायन. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग धरतो; केंद्रकं हिमॅटॉक्सिलिनने निळी. हर-टू पेशीच्या पटलावर बसतं, त्यामुळे पेशीभोवती कड उमटते. 10 टक्क्यांहून जास्त कर्कपेशींना अशी सलग, गडद कड असली की 3+, म्हणजे पॉझिटिव्ह. 2+, म्हणजे संदिग्ध, आलं की सहसा फिश चाचणी, जनुकाच्या प्रती मोजायला. या स्लाइडवरून प्रथिन किती आहे तेवढं कळतं, ते काम करतंय का हे नाही.

पाषाणवासी: मग ते कळतच नाही?

ब्लॉकवाली: कळतं, पण प्रतिपिंड वेगळं लागतं. संदेश पुढे जाताना अशा प्रथिनांवर फॉस्फेट चढतो, आणि फक्त तेच रूप ओळखणारी प्रतिपिंडं मिळतात. तिथे 'सक्रिय' शोभेल. भानगड अशी की गाठ काढल्यावर ती फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत पेशीतली विकरं तो फॉस्फेट उतरवत असतात. नमुना ट्रेमध्ये पडून राहिला तर स्लाइड कोरी येते, आणि लोक खुशाल 'निष्क्रिय' लिहून मोकळे!

पेठेतला: करोनात 'बाधित' छान रुळला होता. नाहीतर सरळ 'हर-टू असलेली गाठ' म्हणा.

ब्लॉकवाली: 'बाधित' जंतूंसाठी ठीक. आणि 'असलेली' म्हटलं तर निरोगी पेशींतही थोडं हर-टू असतंच की.

पेठेतला: हे माहीत नव्हतं. मग 'पॉझिटिव्ह'च ठेवा. 'बी पॉझिटिव्ह' रक्ताला कोण 'ब सकारात्मक' म्हणतो?

कोथरूडकर: पटलं. असं लिहितो: 'हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन नेहमीपेक्षा बरंच जास्त आहे.' आता 'प्रतिपिंड' लोकांना कळेल का? आमच्या एका वाचकाने ते 'प्रतिजैविक' वाचलं.

ब्लॉकवाली: पहिल्यांदा येईल तिथे 'अँटिबॉडी म्हणजेच प्रतिपिंड' लिहा. आणि ट्रास्टुझुमॅब हे औषधही प्रतिपिंडच आहे, तेव्हा 'तपासणीचं' की 'उपचाराचं' हे दर वेळी लिहा. नाहीतर बायका विचारतात, औषध आधीच दिलंत का?