टाकीची शेपटी वर का उचलते?

दादा, तुम्ही लिहिलंत की पाण्याखालच्या गुहेत बुडी मारून परतताना अंगाच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या अॅल्युमिनियमच्या हवेच्या टाक्यांचा बूड वर उचलला जातो. त्यासाठी अंगावरचं वजन वाढवू नका. ११ लिटरच्या भरलेल्या टाकीत सुमारे पावणेतीन किलो हवा असते. ती संपत आली की टाकी तरंगायला लागते. उपाय सोपा आहे: टाकीचा खालचा बोल्ट-स्नॅप (अडकवायचा धातूचा हूक) कमरेच्या पट्ट्यावर मागच्या डी-रिंगमधून (D आकाराच्या कडीतून) पुढच्या डी-रिंगमध्ये घ्या. टाकी पुन्हा अंगाबरोबर आडवी होते.

मी हे आमच्या वावरातल्या विहिरीत शिकलो, वर जोडीदार दोर धरून बसलेला. त्याआधी काठावरच्या कडुनिंबाखाली डोळ्यांना दुपट्टा बांधून स्नॅप काढायचा, लावायचा. पऱ्हाटी वेचून राठ झालेल्या बोटांनाही तो सापडलाच पाहिजे. सापडेना तर त्याला दोरीचा मोठा फास द्या.

दर साधारण ३० बार (हवेच्या दाबाचं माप) हवा वापरली की रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडातलं साधन) बदलून दुसऱ्या टाकीचा घ्या, दोन्ही टाक्यांचा दाब सारखाच उतरू द्या. तिसऱ्या हिश्श्याचा नियम (एक हिस्सा हवा आत जायला, एक परतायला, एक राखीव) प्रत्येक टाकीला वेगळा लावायचा, म्हणजे एक निकामी झाली तरी दुसरीवर बाहेर येता येतं. लांब, सुमारे २.१ मीटरचा होज (हवेची नळी) उजव्या टाकीला, अडचणीत जोडीदाराला हवा देण्यासाठी. आणि विहीर म्हणजे गुहा नव्हे, तिथे डोक्यावर आभाळ असतं. गुहेचं रीतसर प्रशिक्षण झाल्याशिवाय आत शिरू नका, हात जोडून सांगतो.