ड्रॅगन अडीच राउंडमध्ये मेला, पुढच्या वेळी काय करू?

रविवारचा_डीएम
नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या गोष्टीच्या खेळाची पाचवी एडिशन, २०१४ चे नियम, मी डीएम म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, बाकी सगळे ७व्या लेव्हलला. ज्या यंग ग्रीन ड्रॅगनची मी सहा महिने हवा केली होती तो गेल्या रविवारी शेवटी समोर आणला. जंगलातल्या मोकळ्या जागेत उतरला, ब्रेथ (विषारी फुंकर) टाकला, तिघांनी सेव्ह केला म्हणजे बचावाचा फासा जमवला, मग पॅलाडिनने (पवित्र योद्ध्याने) दोन स्माइट म्हणजे जादुई वार घातले, रोगचा (चोर पात्राचा) स्नीक अटॅक बसला, आणि ब्रेथ परत यायला मला फाशावर ५ किंवा ६ हवा होता तिथे एकदा २ पडला आणि एकदा ३. १३६ एचपी (जीवाचे गुण) अडीच राउंडमध्ये साफ. ग्रुपमधली सगळ्यात लहान, नववीतली मुलगी विझार्ड (जादूगार) खेळते, ती मिनिएचर आडवं करताना हळूच म्हणाली, "एवढाच होता?" ते अजून डोक्यातून जात नाहीये. ११व्या लेव्हलला अडल्ट रेड ड्रॅगन आणायचाय, त्याचे २५६ एचपी सरळ ४०० करू का?

डी२०वाला
४०० नको रे. एचपी वाढवले की लढाई लांबते, अवघड होत नाही, शेवटचे तीन-चार राउंड नुसती वजाबाकी चालते. तुझा ड्रॅगन जमिनीवर उतरला म्हणून मेला. यंग ग्रीन एका टर्नला ८० फूट उडतो, पाण्यात पोहतो, पाण्याखाली श्वासही घेतो, मग तो मोकळ्या मैदानात कशाला येईल? तळ्याकाठी गर्द झाडीत गाठायचं, ३० फुटांवरून ब्रेथ टाकायचा आणि उरलेल्या मूव्हमेंटमध्ये पाण्याखाली गडप. ब्रेथ परत यायचा चान्स दर राउंडला तीनात एक, तोवर समोर उभं राहून तलवारी खायची त्याला गरजच काय.
अडल्ट रेड तर वेगळंच प्रकरण आहे. ६० फुटांचा कोन, १८ डी६ (सहा बाजूंचे १८ फासे), सरासरी ६३ डॅमेज, सेव्ह डीसी २१ म्हणजे बचावाला एकूण २१ हवेत. कॉन्स्टिट्यूशन १२ असलेल्या विझार्डचे ११व्या लेव्हलला सरासरी ५७ एचपी होतात, म्हणजे सेव्ह हुकला की एका ब्रेथमध्ये आडवा. शिवाय यंगकडे नसलेल्या लेजंडरी अ‍ॅक्शन्स याच्याकडे आहेत, दुसऱ्यांच्या टर्ननंतर शेपटी, पंख चालूच, आणि लेअरमध्ये (त्याच्या गुहेत) गाठलात तर इनिशिएटिव्ह म्हणजे टर्नच्या क्रमात २० ला जमिनीतून मॅग्मा उसळतो. आकडे पुरेसे आहेत, जागा आणि वेळ ड्रॅगनला निवडू दे.

कुऱ्हाडवाली
दादा, पटतंय, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगते. मी अशा लढाईत बार्बेरियन खेळलेय. दोन तास ड्रॅगन वर घिरट्या घालत होता आणि माझा टर्न आला की "भाला टाकते, नाही लागला" एवढंच. रडू यायचं बाकी होतं. त्याला खाली आणायची काहीतरी सोय डीएमने आधीच ठेवायला हवी. पडक्या बुरुजावर एक बॅलिस्टा (मोठे बाण सोडणारं यंत्र), गुहेचं छत बुटकं, किंवा कुणाकडे अर्थबाइंड. दुसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे, ३०० फूट रेंज, लागला की उडणं बंद.
आणि लेजंडरी रेझिस्टन्स, म्हणजे दिवसातून तीनदा हुकलेला सेव्ह जमला असं ठरवायची ड्रॅगनची सोय! आपला सगळ्यात मोठा स्पेल टाकावा आणि डीएमने नुसतं "त्याने सेव्ह केला" म्हणावं, यासारखं वाईट काही नाही. आमच्या आताच्या डीएमने मस्त केलं, प्रत्येक वेळी छातीवरचा एक मोठा खवला तडकून खाली पडायचा आणि त्याखाली लाल मांस दिसायचं. तीन खवले. आम्ही मोजत होतो.

जुना_गुहावासी
१९८१ च्या बेसिक सेटमध्ये एक सुंदर नियम होता, ब्रेथचं डॅमेज म्हणजे ड्रॅगनचे त्या क्षणी शिल्लक असलेले एचपी, दिवसातून तीनदा. म्हणजे पहिला ब्रेथ जीवघेणा आणि नंतर तुमच्या प्रत्येक वाराने त्याची आग कमी व्हायची, जखम केल्याचं सार्थक लगेच दिसायचं. मी पाचव्या एडिशनमध्ये थोडं बदलून वापरतो: निम्म्या एचपीच्या खाली गेला की ब्रेथ तत्काळ रिचार्ज, पण तिथून पुढे १८ ऐवजी १२ फासे. फाशाच्या नशिबावर सगळं सोडावं लागत नाही.
अजून एक, हरतोय असं दिसलं तर त्याला पळू दे. शेकडो वर्षं जगलेला प्राणी अडीच राउंडसाठी जीव देत नाही. पण रेडला त्याच्या सोन्यापासून लांब जाववत नाही, म्हणून लेअरमध्ये तो शेवटपर्यंत लढतो हे खेळाडूंना आधी कळू दे, गावात जळकं देऊळ, वितळलेली घंटा असं काहीतरी दाखव.

रविवारचा_डीएम
ताई, काका, डी२०वाला, मनापासून आभार. २५६ च ठेवतो. ओसाड खाणीत लेअर करतो, तोंडाशी उंच कपार, खाली पडका बुरुज आणि त्यावर पॅलाडिनसाठी बॅलिस्टा. खवल्यांचं तसंच्या तसं घेतोय. अर्थबाइंडची स्क्रोल त्या मुलीच्या विझार्डला आधीच्या सेशनला सापडेल, ती कधी वापरायची हे मात्र मी सांगणार नाही, खवले तिला मोजू दे.