मदत हवी आहे : जॉर्जियातील सरकारी प्री-के (किंडरगार्टनच्या आधीचा बालवर्ग) प्रवेशाबाबत

नमस्कार. आम्ही नुकतेच अटलांटाजवळ अल्फारेटा येथे राहायला आलो असून आमची मुलगी येत्या ऑगस्टमध्ये चार वर्षांची होईल, म्हणजे १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षे पूर्ण असण्याच्या अटीत ती जेमतेम बसते. राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नावर चालणारी आणि १९९५ पासून उत्पन्नाची अट न ठेवता सर्व चार वर्षांच्या मुलांसाठी खुली असलेली ही योजना सरकारी शाळांप्रमाणेच खाजगी बालकेंद्रांतही राबवली जाते, वर्षाला १८० दिवस, रोज साडेसहा तास, आणि शिकवणीचे शुल्क नसते, एवढे मला समजले आहे. मात्र पात्र असणे म्हणजे जागा मिळणे नव्हे, हे एका केंद्राने प्रतीक्षायादी दाखवल्यावर कळले.

एकाच वेळी सरकारी शाळेतील जागांच्या सोडतीत आणि दोन-तीन खाजगी केंद्रांत नाव नोंदवता येते का? जेवण आणि दुपारनंतरच्या सांभाळाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. तो खर्च आपणांस साधारण किती आला? लसीकरणाच्या दाखल्यासोबत दृष्टी, श्रवण आणि दातांच्या तपासणीचा दाखलाही लागतो, तर भारतातील डॉक्टरांच्या नोंदी येथील दवाखान्याने स्वीकारल्या का? मुलगी घरी फक्त मराठी बोलते (आजीची कृपा!), म्हणून वर्गात ती कशी रुळेल याबद्दलचे अनुभवही अवश्य कळवावेत.