शेवट माहीत असूनही पाहतो आपण: हॉलमार्कच्या नाताळपटांचे अनुभव

दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे टीव्हीवर बर्फ पडायला लागतो. अमेरिकेतल्या हॉलमार्क चॅनेलने २००९ साली 'काउंटडाउन टू ख्रिसमस' नावाने नाताळच्या सिनेमांची रांग लावली. आता ती ऑक्टोबरातच सुरू होते आणि काही वर्षी नवे सिनेमेच चाळीसच्या घरात जातात. गोष्ट बहुतेक एकच. शहरात मोठ्या हुद्द्यावर असलेली मुलगी काही कामाने एका लहान गावात येते. तिथे चौकड्यांचा शर्ट घालणारा, हाताने काहीतरी घडवणारा मुलगा भेटतो. गावातली बेकरी, जुनं हॉटेल नाहीतर नाताळच्या झाडांची शेती बंद पडायला आलेली असते. मग एक गैरसमज, मग समेट, आणि अगदी शेवटी चुंबन.

मला हे सिनेमे आईने लावले. बाबा गेल्यानंतर पहिल्या वर्षी ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आली. इंग्रजी जेमतेम कळायचं. मी कामावर, नवरा कामावर, बाहेर पाच वाजताच अंधार. ती सोफ्यावर मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसायची आणि समोर हे सिनेमे चालू असायचे. पहिल्या दहा मिनिटांत मला सांगायची, "हा नव्हे गं, हा सारखा फोनवर असतो. तो झाडं तोडणारा चांगला आहे." एकदा मी विचारलं, तुला भाषा कळत नाही, तरी रोज काय बघतेस? म्हणाली, "यात कुणी कुणाला टाकून बोलत नाही." त्या दिवसापासून मीही शेजारी बसायला लागले.

तुम्ही पाहता का? कुणाबरोबर पाहता? काय आवडतं, काय खटकतं? आवडत नसेल त्यांनीही लिहा, फक्त निदान दोन-तीन पाहून लिहा.

पश्चिम नेब्रास्का

मी तसल्या गावात खरोखर राहिले आहे, म्हणून लिहिते. अमेरिकेत परदेशी डॉक्टरांना जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं इस्पितळातलं प्रशिक्षण, झाली की दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ते टाळायचं असेल तर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं. एकेका राज्याला वर्षाला अशा तीस जागा असतात. त्यातल्या एकीवर मी आले. शहरातली डॉक्टरीण लहान गावात येते हा हॉलमार्कचा लाडका विषय, त्यामुळे मैत्रिणींनी जाताना खूप चिडवलं होतं.

गावातल्या मुख्य रस्त्यावरची निम्मी दुकानं बंद. काचांना आतून तपकिरी कागद लावलेला. बेकरी होती म्हणे, पाटी अजून आहे. बाळंतपणासाठी बायकांना साठ मैल जावं लागायचं, कारण आमच्या दवाखान्यातला प्रसूतीविभाग मी यायच्या आधीच बंद झाला होता. जानेवारीत त्या साठ मैलांच्या रस्त्यावर बर्फाचं वादळ असलं की काय होतं, ते मी पाहिलं आहे. सिनेमात गावाची बेकरी एका मेळ्याच्या कमाईवर वाचते. खरं गाव असं वाचत नाही, आणि ते कुणाच्या सुस्वभावाच्या कमतरतेमुळे बुडत नाही. शेतं मोठी होत गेली, माणसं कमी लागायला लागली, मुलं शिकून बाहेर पडली, म्हणून बुडतं. हे मला फार लागतं, आणि म्हणून ते सिनेमे पाहताना मी अर्ध्यात उठायचे.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिल्या डिसेंबरात रात्रपाळी करून घरी आले, उणे वीस तापमान, आणि माझ्या दारापासून रस्त्यापर्यंतचं बर्फ कुणीतरी फावड्याने काढून ठेवलेलं. पायरीवर निळा पत्र्याचा डबा. आत मेणकागदाच्या थरांमध्ये पाच प्रकारच्या कुकीज, आणि वर चिठ्ठी: यात अंडं नाही. मी अंडं खात नाही हे मी दवाखान्यात एकदाच, जेवणाच्या सुट्टीत, एका नर्सला बोलले होते. बर्फ कुणी काढलं ते आजवर कळलेलं नाही. तेवढा भाग सिनेमावाल्यांनी खरा घेतला आहे.

गोरेगाव, मुंबई

मी मालिकांचे संवाद लिहितो. अमेरिकेतल्या बहिणीकडे महिनाभर होतो तेव्हा हे सिनेमे ओळीने पाहिले, आणि धंद्यातला माणूस म्हणून टोपी काढली.

दोन तासांच्या जागेत सिनेमा साधारण ८४ मिनिटांचा, बाकी जाहिराती. लेखनाची मांडणी नऊ अंकांची, म्हणजे जाहिरात जिथे येणार तिथे अंक तुटतो. आता अडचण बघा. प्रत्येक अंकाच्या शेवटी प्रेक्षक परत येईल असं काहीतरी हवं, पण त्याला घाबरवायचं नाही. खलनायक नाही, खून नाही, शिवीगाळ नाही. आम्ही ब्रेकवर थोबाडीत मारतो किंवा दार उघडून कुणालातरी उभं करतो. ते काय करतात? दोघं कुकीजचं पीठ मळत असतात, तिच्या गालाला पीठ लागतं, तो पुसायला हात पुढे करतो आणि ओव्हनची घंटी वाजते. ब्रेक. मी स्वतः चॅनेल बदललं नाही. हे लिहायला सोपं नाही. राग लिहिणं सोपं, चांगुलपणात उत्सुकता टिकवणं अवघड.

"शेवट आधीच कळतो" ही तक्रार मला पटत नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसाला पूर्वरंगातच माहीत असतं की उत्तररंगात द्रौपदीला कृष्ण वस्त्रं पुरवणार आहे. म्हणून कुणी उठून जात नाही. बुवा त्या जागेपर्यंत कसे नेतात ते ऐकायचं असतं. माझी तक्रार वेगळी आहे. पाच-सहा सिनेमांत मला एकही वाक्य असं सापडलं नाही, जे त्याच माणसाच्या तोंडी शोभेल आणि दुसऱ्याच्या नाही. साचा चांगला आहे, पण त्यात ओतायची माती तरी दर वेळी नवी मळावी.

फोर्ट लँग्ली, कॅनडा

आमचं गाव तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे, फक्त दर वेळी त्याचं नाव वेगळं असतं. व्हँकुव्हरजवळ असल्याने आणि जुनी दुकानं, लाकडी सज्जे टिकून असल्याने असलं चित्रीकरण इथे नेहमी होतं. एक सिनेमा साधारण तीन आठवड्यांत उरकतात, आणि पुष्कळदा भर उन्हाळ्यात.

मी एका जुलैत गर्दीतला माणूस म्हणून उभी राहिले होते. ऊन तापलेलं. अंगात लोकरीचा कोट, गळ्यात मफलर, डोक्यावर गोंड्याची टोपी. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पॉलिस्टरच्या गाद्या अंथरलेल्या, त्यांच्या कडांवर बर्फाचा चुरा, खिडक्यांच्या चौकटीवर फेस. "ॲक्शन" म्हणायच्या आधी एक मुलगी धावत येऊन सगळ्यांची कपाळं टिपून जायची. आमच्या हातात कॉफीचे कप होते, रिकामे. दिवसभर मी त्या रिकाम्या कपावर हात शेकत होते. आता सिनेमा पाहताना माझं लक्ष तोंडाकडे जातं. खऱ्या थंडीत बोलताना वाफ येते, यांच्या तोंडातून येत नाही. मागची झाडंही हिरवीगार असतात.

नायिकेला त्या दिवशी एकच वाक्य सतरा वेळा म्हणावं लागलं, कारण दर वेळी वरून विमान जात होतं. सतराव्या वेळीही ती पहिल्यांदाच बर्फ बघितल्यासारखी वर पाहून हसली. तेव्हापासून या सिनेमातल्या नटांना "काय ते गोड गोड" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

मी थांबवले पाहायचे. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना आम्ही दोघी डिसेंबरात शाली घेऊन बसायचो. एका रात्री तिने विचारलं, "आई, दर वेळी तीच का नोकरी सोडते? तो का नाही शहरात येत?" मला उत्तर देता आलं नाही. मी तेव्हा वीस माणसांची टीम सांभाळत होते आणि ती जागा मिळवायला मला अकरा वर्षं लागली होती. सिनेमात तसल्या बाईला उंच टाचांचे बूट घालून बर्फात घसरवतात, आणि गावातला कुणीतरी तिला सावरून जगायला शिकवतो. तिने काम का निवडलं, त्यात तिला काय आनंद होता, हे कुणी विचारतच नाही.

आणि चेहरे. बरीच वर्षं नायिका गोरीच. आपल्यासारखी दिसणारी असलीच तर मैत्रीण किंवा ऑफिसातली सहकारी, सल्ला देऊन निघून जाणारी. अलीकडे फरक पडतो आहे, मान्य. पण माझ्या मुलीची ती वर्षं निघून गेली.

वरच्या साताऱ्याच्या आईंचं वाक्य मात्र वाचून थांबले. माझ्या आईने आयुष्यभर टाकून बोललेलं ऐकलं. तिला हे सिनेमे आवडले असते.

वसई

आम्ही ख्रिस्ती, मराठीत प्रार्थना करणारे. ओटीटीवर या धाटणीचे सिनेमे सुनेने दाखवले. सजावट डोळ्यांत मावेना इतकी. पण दोन तास झाले तरी बाळ येशू कुठेच नाही! चर्च दिसलं तर बाहेरून, त्यावरचे दिवे दिसावेत म्हणून. आमच्याकडे डिसेंबर लागला की पोरं गवत, चिखल, बांबू गोळा करून गोठा बांधायला लागतात. वाडीवाडीत चढाओढ असते. मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, नऊवारी लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या पुढच्या बाकांवर असतात, आणि घंटा झाली की गोठ्यात बाळ ठेवतात. तो क्षण म्हणजे नाताळ. आधीचे चोवीस दिवस त्याची वाट.

हॉलमार्कवाल्यांनी सगळ्यांना चालेल असा सण करायचा म्हणून हे गाळलं असेल, ते मी समजू शकते. पण शेजारच्या हिंदू घरी करंज्या-केकचं ताट देताना आम्हाला काही गाळावं लागत नाही. त्यांना माहीत असतं आम्ही कशासाठी आनंदात आहोत, आणि दिवाळीला त्यांचं ताट येतं तेव्हा आम्हाला माहीत असतं.

शिकागो

डिसेंबर २०१९ ची गोष्ट. लग्नाची तयारी करून देणाऱ्या एका संकेतस्थळाच्या जाहिरातीत दोन नवऱ्या एकमेकींचं चुंबन घेतात, म्हणून काही लोकांच्या तक्रारीवरून हॉलमार्कने ती जाहिरात उतरवली. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच निर्णय फिरवून माफीही मागितली. मी आणि माझा जोडीदार तेव्हा दर शनिवारी हे सिनेमे पाहायचो. त्या शनिवारी टीव्ही लावला नाही. ज्या घरात आपण मनाने राहायला गेलो होतो, त्या घराने दार लावलं असं वाटलं.

पुढच्या वर्षी 'द ख्रिसमस हाऊस' आला. त्यात घरचा एक मुलगा आपल्या नवऱ्याला घेऊन आईवडिलांकडे नाताळला येतो. दोघं मूल दत्तक घ्यायची वाट पाहताहेत. त्याबद्दल घरात कुणी भुवई उंचावत नाही. आई दोघांनाही कामाला लावते, एवढंच. जोडीदार रडला, मी नाही रडलो. मी उठून नाशिकला फोन लावला. आईला अजून त्याचं नाव घेता येत नव्हतं, "तुझा तो मित्र" म्हणायची. मी काही समजावलं नाही, फक्त सिनेमाची गोष्ट सांगितली, आपण साधी गोष्ट सांगतो तशी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मिळालं का त्यांना मूल?"

२०२२ मध्ये नायकच असा असलेला सिनेमाही आला. साचा तोच, गैरसमज तोच, कुकीज त्याच. साच्यात आपल्यालाही जागा मिळणं म्हणजे काय, हे ज्यांना ती कायम होती त्यांना कदाचित कळणार नाही.

क्लीव्हलँड, ओहायो

मी पंचाहत्तर वर्षांचा आहे. एरवी लिहीत नाही.

हिची केमो २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. दर दुसऱ्या मंगळवारी पाच तास खुर्चीत. त्या खोलीत अकरा खुर्च्या होत्या आणि भिंतीवर एक टीव्ही. बातम्या लावल्या की कुणीतरी बंद करा म्हणायचं. स्वयंपाकाचा कार्यक्रम लावला की कुणाला मळमळायचं. हॉलमार्कला अकरांपैकी कुणाचीही हरकत नसायची. मी तर चिडायचो. हिला म्हटलं, अगं तू आयुष्यभर चांगलं वाचलंस, नाटकं पाहिलीस, आता हे काय? ही म्हणाली, "आपल्याला पुढच्या मंगळवारी काय सांगतील ते ठाऊक नाही. इथे निदान या पोरीचं भलं होणार हे ठाऊक आहे."

पायावर ऊन कांबळं, एका हातात सुई, दुसरा हात माझ्या हातात. सिनेमातली दोघं पहिल्यांदा भांडली की ही मनगटावरचं घड्याळ बघून म्हणायची, "वीस मिनिटं राहिली." बरोबर वीस मिनिटांत मिटायचं. बाजूच्या खुर्चीतले एक वयस्क गृहस्थ, ट्रक चालवायचे, तेही नंतर घड्याळ बघायला लागले. हिच्याकडे वळून बोटं दाखवायचे, वीस.

ही पुढच्या मे महिन्यात गेली. मला अजूनही हे सिनेमे फारसे आवडत नाहीत. दर वर्षी पहिला लागतो त्या रात्री मी पूर्ण बघतो, आणि भांडण झालं की घड्याळ बघतो.

न्यू जर्सी

ओहायोच्या काकांना नमस्कार. तुमचं लिहिलेलं आईला फोनवर वाचून दाखवलं. ती आता सत्त्याहत्तरची आहे, प्रवास झेपत नाही. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांना सांग, यंदाचा पहिला लागेल तेव्हा कळवा, मी पहाटे उठून तुझ्या फोनवर बघेन तुमच्याबरोबर. तिथली रात्र म्हणजे आमच्याकडे वाती वळायचीच वेळ.