मदत हवी आहे : कॅमेरा दिसला की घरातले सगळे ताठ होतात

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी आहे. गुहागरजवळच्या आमच्या घरी सतरा-अठरा माणसं जमतील, त्यात पाच लहान मुलं. फोटो मी काढायचे ठरलंय. आई आता थकत चालली आहे, त्यामुळे हा दिवस मला नीट जपायचा आहे.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स आहे. तांत्रिक बाजू थोडीफार जमते. मुलं पळत असली तर शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नेत नाही, आणि सगळ्यांचा एकत्र फोटो असेल तर लेन्सचं छिद्र लहान, एफ/८ ठेवते, नाहीतर मागच्या रांगेतले काका धूसर येतात.

अडतं ते माणसांपाशी. गणपतीत भाची पायरीवर बसून मोदक खात होती, बोटांवरून तूप ओघळत होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तिनं लगेच मोदक पाठीमागे लपवून दात दाखवले. आई तर पदर सारखा करून पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी बसते. मला नातवंडांना भरवतानाचे तिचे हात हवे आहेत.

लांबचं जवळ आणणाऱ्या ८५ एमएम लेन्सने दुरून टिपावं, की जास्त रुंद दिसणारी ३५ एमएम घेऊन त्यांच्यातच बसावं? ओटीवर सकाळी छान उजेड असतो, पण माजघरात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० लावूनही मुलं हललेली येतात. छतावरून उजेड परतावा म्हणून फ्लॅश वर वळवावा तर छताला कौलं आणि काळपट वासे, उजेड परतणार कसा? आणि मुलांच्या हाती असं काय द्यावं, की ती कॅमेरा विसरतील?