तापोळ्याच्या कौलारू घरात लाकडाची बंद शेगडी: धुराडं भिंतीतून काढू की कौलातून?

शिवसागर_काठ

नमस्कार मंडळी. आमचं घर महाबळेश्वर तालुक्यात, तापोळ्याजवळ. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, सागवानी वासे. पावसाळ्यात अंथरुणंसुद्धा दमट होतात, त्यात सासूबाईंचा संधिवात, म्हणून मधल्या खोलीत लोखंडी बंद शेगडी बसवतोय. शेगडी आलीये, तिचं धुराचं तोंड 6 इंची. इथला पत्र्याचं काम करणारा म्हणतो, कौलाला हात लावला की गळती ठरलेली. 4 इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घ्या, भिंतीला भोक पाडा, दोन बेंड देऊन वळचणीखाली सोडा. स्वस्त पडतंय खरं, पण वर सगळं लाकूड आहे म्हणून धास्ती वाटते. कुणाला माहिती आहे का?

पत्रेवाला_कराडकर

ताई, भोक पाडलं नसेल तर आधी गवंड्याला थांबवा.

6 इंची तोंडाला 4 इंची पाइप लावला की धुराची वाट निम्म्याहून कमी होते. दार उघडलं की धूर सासूबाईंच्या तोंडावर. 6 चं तोंड तर टोपीपर्यंत 6च. जीआयही नको. त्यावरचं जस्त 419 अंशांना वितळतं, आणि शेगडीच्या तोंडाशी जोराचा जाळ असला की तेवढा ताप सहज होतो. 304 स्टेनलेसचा 20 गेज पत्रा घ्या. सिमेंटचे जुने एसी पाइप कुणी फुकट दिले तरी नकोत, तापून तडकतात आणि वर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस.

वळचणीखाली सोडणं म्हणजे तर कहरच. तिथं रीपा, वाशांची टोकं, जळमटं, वाळका पाला. ठिणगीला आणखी काय हवं? शिवाय धूर ओढला जातो तो उंचीमुळं. नळीतली गरम हवा हलकी होऊन चढते, तिच्या मागं खालची ओढली जाते. उंचीच नाही तर ओढ कुठून येणार? शेगडीपासून टोपीपर्यंत 15 फूट तरी धरा. कौलातून बाहेर पडते तिथून किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत आढं किंवा दुसरं काही उंच असेल तर त्याच्याही 2 फूट वर. बेंड शक्यतो एकही नको.

आता वासे. एकेरी पाइप लाकडापासून 18 इंच लांब हवा, आणि कौलातून किंवा माळ्यातून तो न्यायचाच नाही. तिथं दुहेरी: आत 6 इंची, बाहेर 10 इंची, मध्ये रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर. कंपनीच्या तपासून आलेल्या दुहेरी पाइपाला लाकडापासून 2 इंच पुरतात. आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये वळलेल्या पाइपाची कुणी तपासणी केलेली नसते, म्हणून तो दुहेरी असला तरी मी 18 इंचच सोडतो. वासे कापावे लागतील. सुतार आडवं लाकूड देऊन शेजारच्या वाशांवर भार टाकतो, त्याचं रोजचं काम आहे. मोकळ्या जागेत रीपांऐवजी लोखंडी अँगल आणि वर पत्रा.

गळती कौलामुळं होत नाही, पत्रा चुकीचा सरकवल्यामुळं होते. पाइपाभोवतीच्या पत्र्याची वरची कड वरच्या कौलांच्या ओळीखाली गेली पाहिजे, खालची कड खालच्या ओळीवर आली पाहिजे. त्याच्यावर पाइपालाच एक कॉलर. नुसतं सिलिकॉन फासून भागवणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि सांधे बघून घ्या: वरच्या पाइपाचं खालचं टोक खालच्याच्या आत. उलटं बसवलं तर धूर गार पडून नळीत धरणारं काळं डांबर ओघळून सांध्यातून बाहेर गळतं. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.

चुलवाण_शिराळा

पत्रेवाले बोलतात ते पटलं, पण एक खटकलं. आमच्या गुऱ्हाळाची चिमणी उघड्यावरच उभी आहे आणि अशी ओढते की चिपाड टाकणाऱ्याला दम खायला मिळत नाही. मग ताईंनी बाहेरूनच उंच नेली तर काय बिघडलं? वासे तरी वाचतील.

पत्रेवाला_कराडकर

दादा, तुमची चिमणी जाड विटांची, आणि काहिलीखाली दिवसभर जाळ. ती गार पडतेय कुठं? ताईंची शेगडी संध्याकाळी मंद जळणार, बाहेर धुकं नि पाऊस. पातळ पाइप गार पडला की धूर वर पोचायच्या आत डांबर धरतो. ते डांबर पेटलं तर नळीत 1100 अंशांपर्यंत ताप जातो, मग वासे कुठले वाचतात! घरातून सरळ वर गेलेली नळी गरम राहते. बाहेरूनच न्यायची तर अख्खी दुहेरी घ्या आणि तळाशी साफसफाईसाठी झाकणाचा टी (तीन तोंडांचा जोड) द्या. होतं तसंही, पण पैसे ओतावे लागतात.

शिवसागर_काठ

सगळ्यांचे आभार. भिंतीचं रद्द. अजून दोन शंका. पावसाळ्यात आम्ही घराला गवताच्या झडी लावतो, त्यांचं काय? आणि सासूबाईंचं म्हणणं, रात्री दोन ओंडके घालून हवा बंद करू, सकाळपर्यंत धुमसत राहील. इथलं सरपण थोडं ओलंच असतं.

माणदेशी_सरपण

ताई, आमच्या माण-खटावकडची बाभळ मागवा. उन्हाळ्यात फोडून, खालून हवा लागेल अशी रचून वर्षभर ठेवलेली. ओल 20 टक्क्यांच्या आत हवी. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, टणटण वाजले तर वाळलेत, बदबद आवाज आला तर परत ठेवा. तुमच्याकडं झाड तोडायचा विचार असेल तर आधी परवानगीचं विचारा, महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे.

पत्रेवाला_कराडकर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण धुमसत ठेवणं नको. डांबर तर साठतंच, वर कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग ना वास, झोपलेल्याला कळतही नाही. निखारे विझेपर्यंत हवेची खिटी पूर्ण बंद करायची नाही, खिडकी चार बोटं उघडी, आणि झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, धुराचा वेगळा. पाहुण्यांच्या खोल्यांतही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन शेगडी पेटलेली असताना बंद, नाहीतर तो धूर उलटा खेचतो.

पेटवायच्या आधी शेगडीच्या दाराशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर पेटवा. बाहेर फिरला तर वर्तमानपत्राचा बोळा जाळून नळी आधी गरम करा.

झडी शेगडी-नळीच्या बाजूला लावूच नका, तिथं पत्रा लावा. टोपीला जाळी द्या, ठिणगी अडते, पण ती काजळीनं बुजते, तेव्हा अधूनमधून बघत जा. नळीत आतून 3 मिलिमीटर थर दिसला की ब्रश मारायचा, महिने मोजत बसायचं नाही. वर 5 फुटांहून जास्त नळी उघडी राहिली तर तारेचे ताण द्या, तुमच्याकडचा वारा मला माहिती आहे.

वासे कापायच्या आधी आतून छताचा फोटो आणि दोन वाशांमधलं अंतर इथं टाका. आढ्यापासून नळी किती लांब येते तेही मोजा, उंची त्यावरच ठरेल.